शोभाताईंचे हॉर्मोन आणि माझे टक्कल

गुरुवारी सकाळी लॅब उघडून मी चहाचा पहिला घोट घेतला, तोच काउंटरवर भाऊसाहेब येऊन उभे राहिले.

"साहेब, मंडळींच्या रिपोर्टाची अजून एक कॉपी पायजे. शिक्का मारून द्या. सोमवारी ऑपरेशन हाय."

"कसलं ऑपरेशन?"

"पिशवी काढायची. दोन्ही अंडाशयंबी काढनार हायेत. तुमच्याच रिपोर्टावर ठरलं की." मग त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले साहेब. तुमी टेस्ट केली म्हनून कळलं तरी. आमाला काय समजतंय त्यातलं."

कुणी आभार मानावेत आणि आपण नजर चुकवावी, असं माझ्या धंद्यात क्वचित होतं. त्या दिवशी झालं. कारण ती टेस्ट करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

आधी माझी ओळख करून देतो. मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे डॉक्टरच, पण पेशंटची नाडी न बघणारा. राहात्यात माझी लॅब आहे, बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं की रक्त घेणारी मुलगीच सगळं करते आणि आत बसलेला टकला माणूस फक्त सह्या करतो. फारसं चुकीचं नाही ते.

भाऊसाहेबांच्या मंडळी म्हणजे शोभाताई. लॅबच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ आहे. अकरा वर्षं माझा दुपारचा डबा त्यांच्याकडून येतो. भाऊसाहेब गल्ल्यावर बसतात, खानावळ शोभाताई चालवतात. वय सत्तेचाळीस. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी आज भाजी कोणती ते कळावं.

ही सगळी गोष्ट सुरू झाली डब्यातल्या एका केसापासून. हिवाळ्यात एकदा केस निघाला. मी तो बाजूला काढून जेवलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा निघाला. मी तो कागदात गुंडाळला, आमच्या सवयीने त्यावर तारीख घातली आणि रिकाम्या डब्यात ठेवून दिला. मला वाटलं, विनोद आहे. संध्याकाळी शोभाताई स्वतः लॅबमध्ये आल्या.

"डाक्तर, ह्यो केस तुमचा न्हाई, येवढं मी मान्य करते. तुमच्याकडं हायच कुठं." मग मात्र त्यांचा आवाज खाली आला. "मूठमूठ गळत्यात हो. डोक्याला फडकं बांधते, तरी निघतोच. गिऱ्हाईक तुटंल अशानं."

आता शहाणा माणूस म्हणाला असता, समोरच्या डॉक्टर शेळके मॅडमना दाखवा. मी खण उघडला. त्यात माझ्या गोळ्या होत्या. केसांसाठी. सहा महिने मी त्या घेत होतो आणि उरलेल्या केसांवर त्यांचा काहीही परिणाम झालेला नव्हता. तरी मी त्यांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. रोज सकाळी एक. "बायोटिन आहे, साधं व्हिटॅमिन," मी म्हणालो. "याने काही अपाय नाही."

मार्चमध्ये शोभाताईंची पाळी मागेपुढे व्हायला लागली. दोन महिने आली नाही, मग आली ती दहा दिवस थांबेना. अंगातून एकदम वाफा निघायच्या. "चुलीची हाय का आतली, तेच कळंना," त्या म्हणाल्या. झोप उडाली होती आणि मधूनच छातीत धडधडायचं.

मे महिन्यात मी लॅबच्या दारावर एक गुलाबी बोर्ड लावला होता. 'नवचैतन्य महिला हॉर्मोन प्रोफाईल'. नाव माझंच. एफएसएच, इस्ट्राडायॉल, थायरॉईड, सगळं एका सुईत. बोर्ड लावून तीन आठवडे झाले होते आणि एकही बाई फिरकली नव्हती. मी शोभाताईंना म्हणालो, "तुमचं मी फुकट करून टाकतो." म्हणजे एकीकडे उपकार आणि दुसरीकडे बोर्डाची अब्रू, अशी दुहेरी सोय.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'सध्या चालू असलेली औषधे'. शोभाताईंचा फॉर्म मीच भरला. त्या रकान्यात मीच लिहिलं, 'नाही'. विचारलंसुद्धा नाही. अकरा वर्षं ओळखतो, काय विचारायचं.

रिपोर्ट आला तो धडकी भरवणारा. थायरॉईड ग्रंथी फार जोरात चालली तर टीएसएच खाली जातो आणि टी-फोर वर जातो. इथे टीएसएच तळाला आणि टी-फोर छताला. इस्ट्राडायॉल, म्हणजे बायकांचा मुख्य हॉर्मोन, मशीन जेवढं मोजू शकतं त्याच्या जवळपास. मी सॅम्पल पुन्हा लावलं. तेच आलं. मशीनचं कंट्रोल तपासलं. कंट्रोल म्हणजे कंपनीने दिलेलं, आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल. ते बरोबर आलं. मी सही केली, लिफाफा भाऊसाहेबांच्या हातात दिला आणि म्हणालो, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

त्यांनी दाखवलं. कुणा पाहुण्याच्या सांगण्यावरून ते दुसऱ्या गावच्या एका हॉस्पिटलला गेले. तिथे सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. गाठ आणि माझा इस्ट्राडायॉल यांची बेरीज झाली. हॉर्मोन ओकणारी गाठ असणार, सगळंच काढून टाकू, सोमवारी या.

त्या गुरुवारी भाऊसाहेबांना मी कॉपी दिली नाही. प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं. तो बिघडला नव्हता. मग रिपोर्ट घेऊन रस्ता ओलांडला आणि समोरच्या शेळके मॅडमकडे गेलो. मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा आठपट कमी बोलणाऱ्या.

त्यांनी कागद पाहिला. "यांची पाळी किती दिवस मागेपुढे होतेय?"

"तीन-चार महिने."

"वय सत्तेचाळीस, पाळी अनियमित, वाफा, झोप नाही. निदान झालं की. पाळी जायच्या आधीचा काळ, पेरिमेनोपॉज. एफएसएच कशाला केलात?"

"पॅकेजमध्ये आहे."

"पॅकेज कुणाचं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर गुलाबी बोर्ड दिसत होता.

"सर, आत्ता घेऊन या त्यांना," मॅडम म्हणाल्या.

शोभाताई दुपारची गर्दी सोडून आल्या, हाताला कणीक तशीच. मॅडमनी आत नेऊन तपासलं आणि अर्ध्या तासाने मला बोलावलं.

"नाडी शहात्तर. हात थरथरत नाहीत. सहा महिन्यांत वजन तीन किलो वाढलंय. इतकं थायरॉईड वाढलेली बाई अशी असते का?"

"मशीनचं कंट्रोल ओके आहे, मॅडम."

"मी मशीन नाही तपासलं, बाई तपासली. कुठलं औषध चालू आहे विचारलं, तर नाही म्हणतात. तुमच्या फॉर्मवरही नाहीच आहे."

मी मान डोलावली. त्या क्षणीसुद्धा माझी ट्यूब पेटली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मॅडमनी गर्भाशयाच्या अस्तराचा एक छोटा तुकडा काढून बाटलीत ठेवला होता. "हॉर्मोन काहीही असोत, या वयात दहा-दहा दिवस रक्त जात असेल तर हे बघायलाच हवं. ते काम तुमचं. ते तरी मायक्रोस्कोपखाली करा." तो 'तरी' मला लागला.

लॅबमध्ये परत आलो तो चिडूनच. मशीन बरोबर आहे हे मॅडमना दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी एका धडधाकट माणसाचं रक्त हवं. लॅबमध्ये धडधाकट असा मीच. रक्त घेणाऱ्या मुलीकडून माझं रक्त काढून घेतलं आणि त्याच सगळ्या टेस्ट लावल्या.

तासाभराने आकडे आले. माझ्या टीएसएचने तळ गाठला होता. आणि इस्ट्राडायॉल असा, की पंचविशीतल्या एखाद्या तरुणीला शोभावा. मशीनच्या मते, माझी थायरॉईड उधळलेली होती आणि मला लवकरच पाळी येणार होती.

रक्त काढणारी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "सर, बसा जरा," ती म्हणाली.

मी बसलो. शोभाताईंच्या आणि माझ्या शरीरात असं काय सारखं आहे, याचा विचार करत बसलो. डबा एकच. पण डबा खाऊन हे होत असतं तर निम्म्या राहात्याला पाळी आली असती. मग मी खण उघडला, पेन काढायला. पेनाशेजारी गोळ्यांची बाटली होती.

टेस्टच्या प्रत्येक किटबरोबर एक माहितीपत्रक येतं. मुंगीएवढी अक्षरं. इन्स्पेक्शनला दाखवायची म्हणून ती सगळी मी एका फाईलमध्ये नीट लावून ठेवतो. वाचत नाही. त्या दिवशी वाचली. चौथ्या पानावर लिहिलं होतं: पेशंट जास्त डोसचं बायोटिन घेत असेल तर निकाल चुकीचे येऊ शकतात.

कारण सोपं आहे. काही मशीनची रसायनं ट्यूबमध्ये धरून ठेवण्यासाठी बायोटिनचाच चिकट हात वापरलेला असतो. लग्नाच्या पंगतीसारखं समजा. पाटांवर रसायनाची माणसं बसणार आणि मशीन ती मोजणार. गोळीतून आलेलं बायोटिन म्हणजे बिनआमंत्रणाचे पाहुणे. ते आधीच पाट अडवून बसतात. खरी माणसं उभी राहतात आणि मोजणी कमी भरते. आता टीएसएच, एफएसएच अशा टेस्टमध्ये मोजणी कमी म्हणजे हॉर्मोन कमी. टी-फोर आणि इस्ट्राडायॉलमध्ये हिशेब उलटा: मोजणी कमी म्हणजे हॉर्मोन जास्त. म्हणून एक तळाला आणि दुसरा छताला. कंट्रोल मात्र बरोबरच येणार, कारण कंपनीची बाटली केसांच्या गोळ्या खात नाही.

मॅडमना फोन केला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "गोळी बंद करा. तीन दिवसांनी पुन्हा रक्त घ्या. आणि सर, त्यांना तुम्हीच सांगा."

संध्याकाळी सात वाजता मी खानावळीत गेलो. पंधरा-वीस माणसं जेवत होती. मी शोभाताईंना म्हणालो, "जरा बाजूला येता का?"

"हितंच बोला. तव्यावर भाकरी हाय."

मग तिथेच बोललो. आवाज शक्य तेवढा बारीक ठेवून. त्या भाकरी थापत होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.

"म्हंजे ती केसाची गोळी?"

"हो. तुम्ही मॅडमना सांगितलं नाहीत, औषध चालू आहे म्हणून?"

"औषध कुठंय ते? तुमीच म्हन्ला, साधं व्हिटॅमिन. याने काही अपाय न्हाई." शब्दन् शब्द बरोबर होता. "आन् येकानं काय हुतंय, म्हनून मी दोन घ्यायची."

"दोन?"

"तुमचं डोकं बघितलं की मी. येका गोळीनं काय हुतंय ते दिसत हुतं."

जवळच्या टेबलावरच्या माणसाला ठसका लागला. शोभाताईंनी भाकरी उलटली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"डाक्तर, म्हंजे तुमच्या टकलापायी माझी पिशवी चालली हुती?"

मी हो म्हणालो.

गल्ल्यावरून भाऊसाहेब उठून आले. "पन साहेब, सोमवारचा नंबर लागलाय. सोडला तर परत कधी मिळायचा? आन् ती गाठ? ती तर सोनोग्राफीत दिसली. गोळीनं गाठ हुती का?"

प्रश्न अचूक होता. माझा आकडा खोटा ठरला म्हणजे खरा आकडा चांगलाच असेल असं नाही. गाठ होती. रक्त जात होतं. तुकडा माझ्या लॅबमध्ये बाटलीत पडला होता. समजा मी त्यांना थांबवलं आणि आत खरंच काही वाईट निघालं तर? मी तेच सांगितलं, आडपडदा न ठेवता. "मला माहीत नाही. रविवारी कळेल. रविवारी वाईट निघालं तर सोमवारी मी स्वतः गाडीत घालून नेतो. पण चुकीच्या कागदावर कुणी पोट उघडू नये."

भाऊसाहेब बायकोकडे वळले. शोभाताईंनी हाताचं पीठ झटकलं. "रैवारपत्तुर थांबू," त्या म्हणाल्या. "ह्ये माझ्या पोटाचं हाय, नंबराचं न्हाई." आणि मला म्हणाल्या, "तुमी जेवून जा. तोंड उतरलंय."

शुक्रवारी मी त्या हॉस्पिटलला गेलो. आधीचा रिपोर्ट रद्द समजावा, असं लेटरहेडवर लिहून नेलं होतं. तिथले सर्जन रागावतील अशी तयारी होती. त्यांनी कागद वाचला, खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "बरं झालं आलात." मग कागद फाईलला लावत, "गोळ्यांचं मीही विचारलं नव्हतं." दोघं अपराधी एकमेकांना चहा पाजून उठलो.

रविवारी सकाळी शोभाताईंचं रक्त घेतलं. तीन दिवस गोळी नाही. या वेळी फॉर्म भरताना प्रत्येक रकाना विचारला, त्यांचं नावसुद्धा. "इसरले का काय?" त्या म्हणाल्या.

मशीन चालू असताना मी तुकड्याची स्लाइड घेऊन बसलो. तो तुकडा मेणात बसवून, पातळ कापून, रंग देऊन तयार होता. हे माझं खरं काम. इथे मशीन नाही, मी आणि मायक्रोस्कोप. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. पुन्हा बघितलं. या वयात असतं तसंच, हॉर्मोनच्या चढउतारांनी थोडं विस्कटलेलं अस्तर. वाईट पेशी नाहीत. माझा माझ्यावरचा विश्वास त्या आठवड्यात रजेवर होता, म्हणून स्लाइड नगरच्या एका पॅथॉलॉजिस्ट मित्राला नेऊन दाखवली. तो दोन मिनिटांत म्हणाला, "यासाठी रविवारचा आलास?"

परत येईपर्यंत रक्ताचे आकडे आले होते. थायरॉईड अगदी नॉर्मल. इस्ट्राडायॉल साधा, म्हणजे गाठ हॉर्मोन ओकणारी नव्हती. एफएसएच थोडा चढलेला, या वयाला साजेसा. मी कागद घेतला आणि मागच्या गल्लीत जवळजवळ पळतच गेलो.

खानावळ बंद होती. दोघं नवराबायको आत मेथी निवडत बसले होते. भाऊसाहेब उभे राहिले. मी म्हणालो, "काही नाही. सगळं ठीक आहे. ऑपरेशन नको."

भाऊसाहेबांनी टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. शोभाताई मेथीची एक काडी हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार दिस झोप न्हाई मला. आन् ती वाफांमुळं न्हाई." आणि पदर तोंडाला लावून हसल्या, का रडल्या, ते मी बघितलं नाही. मेथी निवडायला बसलो.

सोमवारी मॅडमनी त्यांना समजावलं तेव्हा मी शेजारी बसून ऐकलं. मलाही गरज होतीच. सोनोग्राफीतली गाठ साध्या पाण्याची आहे, ती तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं मॅडम म्हणाल्या. एफएसएच म्हणजे मेंदूने अंडाशयाला मारलेली हाक. "शोभाताई, गिऱ्हाईक वाढलं आणि आतून पोळ्या येईनात, की तुम्ही काय करता?"

"वरडते."

"तसंच. आतली बाई थकत चाललीये. कधी तासभर काहीच देत नाही, तेव्हा तुम्ही जोरात ओरडता. कधी एकदम दहा पोळ्या टाकते, तेव्हा तुम्ही गप्प. मग एका दुपारी येऊन तुमचा आवाज मोजला तर खानावळ चालणार की बंद पडणार, हे कळेल का?"

"न्हाई बा."

"म्हणून तुमच्या वयात ही टेस्ट लागत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर लागते. तुम्हाला थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघणं पुरे. आणि पाळी चुकली तर दिवस नाहीत ना, हेही बघायचं. या काळात दिवस राहू शकतात."

भाऊसाहेब एकदम बाहेरचा रस्ता बघायला लागले.

हिमोग्लोबिन मात्र खरंच नऊ निघालं. केस त्यानेही गळत असणार. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवायचं औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली, तर पाण्याची ती गाठ आपोआप विरून गेली होती. त्या दरम्यान, केवळ माझी खाज म्हणून, मी शोभाताईंना आणखी एकदा एफएसएच करू देण्याची विनंती केली. आकडा आधीच्या निम्म्याहून कमी आला. वाफा मात्र आधीपेक्षा जास्त होत्या. त्याच दुपारी गुलाबी बोर्ड उतरवला.

फॉर्मवरचा 'औषधे' हा रकानाही बदलला. आता आम्ही विचारतो: तोंडावाटे काय काय जातं? गोळी, पूड, काढा, कुणी दिलेलं काही? लोक भडाभडा सांगतात. एका आजोबांनी सात पुड्या पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या. त्यात एक घोड्याची होती.

परवा डबा घेऊन शोभाताई स्वतः आल्या. आता त्या पन्नाशीला टेकल्या आहेत.

"डाक्तर, बारा म्हयने झाले. येकदाबी आली न्हाई. आता गेली म्हनायची का?"

"गेली म्हणायची."

"रगत न्हाई घेनार?"

"नाही."

"मग कसं कळलं तुमाला?"

"तुम्ही सांगितलंत की."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "येवढंच हुतं व्हय," असं म्हणून त्या निघून गेल्या.

हो, एवढंच होतं. वर्षभर पाळी आली नाही की ती गेली. हे बाईलाच सगळ्यात आधी कळतं आणि त्याला सुई लागत नाही. बाकी धडा म्हणाल तर इतकाच की रक्त काढण्याआधी माणसाला बोलू द्यावं. सुई नंतरही टोचता येते.